नामी की मारा?

प्रश्न : ताई, बायबलमधल्या हिब्रू नावांना अर्थ असतात म्हणे. पण ते कळून श्रद्धेत काय फरक पडतो?

उत्तर : पडतो हो, खूप पडतो. रूथचं पुस्तक घ्या, चारच अध्याय, एका बैठकीत वाचून होतं. बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर, आणि नेमका तिथेच दुष्काळ पडतो म्हणून नामी नावाच्या बाईचं कुटुंब शेजारच्या मवाब देशात जातं, तिथे नवरा आणि दोन्ही मुलं वारतात आणि ती फक्त सून रूथला घेऊन परत येते. गावातल्या बायका विचारतात, ही नामीच ना? तर ती म्हणते (अध्याय 1, वचन 20), मला नामी नका म्हणू, मारा म्हणा. नामी म्हणजे गोड, मारा म्हणजे कडू. दुःखाने माणूस स्वतःचं नावच टाकून देतं, मला हे वाचताना दरवेळी गलबलून येतं. पण नीट बघा, त्यानंतर तिला एकदाही कुणी मारा म्हणत नाही, लिहिणाराही नाही! शेवटी रूथचं पुन्हा लग्न होऊन तिला मुलगा होतो, ओबेद, म्हणजे सेवक, इस्राएलच्या दावीद राजाचा आजोबा, आणि शेजारणी म्हणतात काय, तर नामीला मुलगा झाला.