दिव्यांग मुलांच्या पालकांना आठवड्यातून काही तास विसावा द्यायचा असेल, तर सुरुवात कशी करावी?

मुलुंडमध्ये तुमच्या मंडळाचा हॉल शनिवारी दुपारी रिकामा असतो, आठ-दहा स्वयंसेवक तयार आहेत आणि दिव्यांग मुलांच्या आईवडिलांना थोडी उसंत मिळावी म्हणून काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. जरूर करा, पण लहान प्रमाणावर करा. चार मुलं, तीन तास, ठरलेला शनिवार आणि दर वेळी तेच चेहरे. पन्नास मुलांचं शिबिर भरवलंत तर आई दारातच बसून राहील, कारण आपल्या मुलाला कोण धरणार हे तिला ठाऊक नसेल. आई दारात बसली तर तो विसावा नव्हे.

तिला निर्धास्तपणे निघता यावं यासाठी पहिले दोन शनिवार तिला मुद्दाम थांबवून घ्या. मुलाला उचलायचं कसं, तो 'नको' कसं सांगतो, कशाने बिथरतो आणि कशाने शांत होतो, हे तिने ठरलेल्या स्वयंसेवकाला करून दाखवावं. तिसऱ्या वेळी तिने खाली जाऊन चहा पिऊन यावं, चौथ्या वेळी तासभर जावं. पूर्ण तीन तास त्यानंतर. ही पायरी गाळली की मूल रडतं, आईला फोन जातो, ती धावत येते आणि पुन्हा कधी मूल ठेवत नाही.

प्रत्येक मुलाचं एक पानी माहितीपत्रक हवं. त्यात औषध 'एक चमचा' असं लिहून घेऊ नका. फिटच्या औषधांची सिरप वेगवेगळ्या तीव्रतेची असतात. व्हॅल्प्रोएटचं सिरप साधारणपणे 5 मिलीत 200 मिलिग्रॅम, तर लेव्हेटिरासिटामचं 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. त्यामुळे नाव, तीव्रता, मिली आणि वेळ हे चारही लिहा आणि औषध मापाच्या सिरिंजनेच द्या. त्याहून बरं म्हणजे तुमच्या वेळेत औषधाची वेळ येऊच देऊ नका. ही औषधं बहुधा सकाळ-रात्र असतात, म्हणून दुपारी 3 ते 6 ही वेळ सोयीची.

फिट आली तर घड्याळ बघा, मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. 5 मिनिटांत थांबली नाही तर 108 ला फोन करा. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) स्प्रे लिहून दिला असेल, तर तो कधी द्यायचा हे पत्रकावर डॉक्टरांच्याच सूचनेनुसार असावं, आणि स्प्रे मुलाच्या पिशवीत असल्याची खात्री आई निघण्यापूर्वी करा.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या बऱ्याच मुलांना गिळायला त्रास होतो. अशा मुलांना सुरुवातीचे काही महिने तुम्ही खाऊ देऊ नये असं माझं ठाम मत आहे. पाणी द्यायचं तर घट्ट करण्याची पावडर घालून, आई दाखवेल तेवढं घट्ट करून, मूल ताठ बसलेलं, हनुवटी किंचित खाली. डोकं मागे टाकून पाजलं की पाणी श्वासनलिकेत जातं. खोकला आला, डोळे पाणावले किंवा आवाज घरघरीत झाला तर लगेच थांबा.

माणसं किती लागतील? व्हीलचेअरवरच्या किंवा फिट येणाऱ्या मुलामागे एक, चालत्या-फिरत्या दोन मुलांमागे एक, आणि शिवाय एक पूर्ण मोकळा माणूस, ज्याच्याकडे कुठलंच मूल नाही. कोणी पळालं किंवा कोणाला उलटी झाली की तो लागतोच. शी-शू आणि कपडे बदलणं पडद्याआड, पण दुसरी मोठी व्यक्ती हाकेच्या अंतरावर हवीच. एकट्याने दार लावून कोणीही मुलाजवळ राहायचं नाही. जी मुलं बोलून सांगू शकत नाहीत, त्यांच्यासाठी हा नियम कधीच सैल करू नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला तर पॉक्सो कायदा, 2012 (मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मंडळात आपसांत मिटवायचं नाही.

हॉल तळमजल्यावर असावा. नसेल तर लिफ्टमध्ये व्हीलचेअर शिरते का ते आधीच बघा. बारा वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायला बाळांचं टेबल पुरत नाही, जमिनीवर जाड गादी घाला. ढोलपथकाचा सराव शेजारी चालू असेल, तर स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसाठी तो शनिवार वाया गेला समजा.

मुलं दोन-तीन किलोमीटरच्या आतलीच घ्या. टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, व्हीलचेअर मावत नाही. मूल आणण्या-नेण्यातच दमछाक झाली तर आईच्या हाती काय उरलं? आणि पावसाळ्याचा विचार आधी करा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा माणसं रात्रभर अडकली. म्हणून जून ते सप्टेंबर पालकांनी लोकलने लांब जाऊ नये, मुलाच्या पिशवीत एका दिवसाचं औषध जास्तीचं असावं आणि पालक पोचू शकले नाहीत तर कोण थांबणार ते नावानिशी ठरलेलं असावं.

भावंडांना मदतनीस म्हणून बोलावू नका. ती घरी तेच करत असतात. त्या तीन तासांत आईबाबांनी त्यांना वेळ दिला तर फार चांगलं.

रात्रीच्या मुक्कामाकडे घाईने वळू नका. दिव्यांगांसाठी संस्था चालवायला दिव्यांग हक्क कायदा, 2016 प्रमाणे नोंदणी लागते आणि रात्रपाळीला प्रशिक्षित माणूस लागतो. एखाद्या कुटुंबाला आईच्या ऑपरेशनसाठी चार-पाच दिवस हवे असतील, तर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'समर्थ' योजनेखालच्या निवासी केंद्रांची चौकशी करा. नोंदणीकृत संस्थांची राज्यवार यादी न्यासाच्या संकेतस्थळावर आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता हे चारच प्रकार न्यासाच्या कक्षेत येतात. फोनवर आधी विचारा: फिट येणारं मूल घेता का, नळीने अन्न घेणारं घेता का, रात्री किती माणसं जागी असतात. आणि ऑपरेशनच्या आधी मुलाला तिथे एक दिवस आणि मग एक रात्र राहून बघू द्या.