दोन नोकऱ्या, दोन दप्तरं
वाचकांचे प्रश्न : माजी सैनिक आणि रेल्वे कर्मचाऱ्यांची कुटुंबं

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते आणि परत आल्यावर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत लागले. त्यांच्या ट्रंकेत दोन तारे (आफ्रिका स्टार आणि इटली स्टार), फाटकं डिस्चार्ज सर्टिफिकेट आणि पितळी बिल्ला आहे. ते नेमके कुठे लढले? आजीला रेल्वेची पेन्शन का मिळाली नाही? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी एक विनंती. पदकं चिंच, राख किंवा पितळेच्या पॉलिशने घासू नका. नाव, नंबर कोरलेला असेल तर तो कडेला किंवा पाठीवर असतो आणि घासण्याने सगळ्यात आधी तोच जातो. मऊ सुती कापडाने धूळ पुसा आणि अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड पदकावर तिरपा पाडा. बुजलेली अक्षरंही उठून दिसतात.

आफ्रिका स्टार १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळातल्या आफ्रिकेतल्या मोहिमांसाठी आहे. त्यात इजिप्त-लिबियाचं वाळवंट येतं, तशी एरिट्रियाही येते. १९४१ मधली केरेनची लढाई एरिट्रियातलीच, आणि मराठा पलटणी तिथे लढल्या. इटली स्टार ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळाचा. यशवंत घाडगे (जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (एप्रिल १९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच इटलीच्या मोहिमेत.

पण ताऱ्यावरून आघाडी कळते, पलटण कळत नाही. रसद वाहणारा ड्रायव्हर, सॅपर (लष्करी इंजिनिअरांतला जवान) आणि पायदळातला शिपाई, तिघांनाही तेच तारे. म्हणून ट्रंकेतली सगळ्यात मोलाची वस्तू ते फाटकं सर्टिफिकेट आहे. त्याला सेलोटेप लावू नका, कागद पिवळा पडून अक्षरं उडतात. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि नंबर, हुद्दा, युनिट, भरतीची तारीख, भरतीच्या वेळचं गाव-तालुका वेगळ्या कागदावर उतरवून घ्या. गावाचं नाव भरती कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं. अर्जात ते तसंच लिहा, पुढे आजचं नाव द्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला. त्यांच्याकडे ‘शीट रोल’ची, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदीची, नक्कल मागायची. लष्करी पेन्शन नसलेल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात, तेव्हा हे सर्टिफिकेटच अखेरचा पुरावा ठरू शकतं.

आता रेल्वे. जीआयपीचं ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत रूपांतर झालं, त्यामुळे चौकशी मध्य रेल्वेच्या त्या विभागाकडे करायची. रेल्वेत पेन्शन योजना आली १६ नोव्हेंबर १९५७ ला. त्याआधी भविष्य निर्वाह निधी होता, निवृत्तीला एकरकमी पैसे हातात पडत. योजना आल्यावर नोकरीत असलेल्यांना पर्याय विचारला होता, आणि रोख रक्कम पसंत करून अनेकांनी निधीच ठेवला. आजोबा त्यांतले असतील किंवा त्याआधीच निवृत्त झाले असतील, तर आजीला कुटुंब निवृत्तिवेतन लागू झालं नाही ते या कारणाने. आजोबांच्या हातून काही चूक झाली म्हणून नव्हे.

प्रश्न : वडील १९७१ च्या युद्धात होते. १९८४ मध्ये सतरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनवर आले, १९८५ ला रेल्वेत गँगमन झाले आणि २००८ मध्ये निवृत्त झाले. २०२१ मध्ये ते वारले. आईला फक्त रेल्वेचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. बँकेत सांगतात, एकच मिळतं. – एक वाचक, भुसावळ

उत्तर : बँकेतलं उत्तर जुन्या नियमाचं आहे. २४ सप्टेंबर २०१२ पासून लष्कराचं आणि मुलकी नोकरीचं अशी दोन्ही कुटुंब निवृत्तिवेतनं घेता येतात.

आधी एकच गोष्ट पाहा : रेल्वेत असताना वडिलांची लष्करी पेन्शन चालू होती का? पासबुकात दोन वेगळ्या जमा दिसल्या, म्हणजे पीपीओही (पेन्शन मंजुरीचे आदेश) दोन, आणि आईचा हक्कही दोन्हीकडे. लष्कराची सेवा रेल्वेच्या सेवेत जोडून घेतली असेल तर लष्करी पेन्शन तेव्हाच बंद झालेली असते. मग हक्क एकाच ठिकाणी.

दर सहसा शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, प्रत्येकी किमान ९,००० रुपये, आणि महागाई भत्ता दोन्हीवर. ५० टक्क्यांचा वाढीव दर सेवानिवृत्ताच्या पत्नीला मृत्यूनंतर ७ वर्षं किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता तोवर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत असतो. वडील साठीला निवृत्त झाले असतील तर २०२१ मध्ये ६७ पार झालेली होती, म्हणून साधाच दर धरा.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा आईच्या नावावर. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत आहे. पलटणीच्या कागदात माहेरचं नाव, रेल्वेच्या कागदात सासरचं, आधारवर तिसरंच काहीतरी. रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी या तीन वेगळ्या बायका. सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा. सोबत मृत्यू दाखला, विवाहाचा पुरावा, डिस्चार्ज बुक, दोन्ही पीपीओ आणि आईचं आधार, पॅन, पासबुक जोडा. हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्या. ते अर्ज तपासून रेकॉर्ड ऑफिसकडे पाठवतात, तिथून तो प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडे जातो. परस्पर पोस्टाने पाठवलेला अर्ज त्रुटीसाठी परत येण्यात महिने जातात, म्हणून हा फेरा जरूर मारा. रेल्वेच्या कागदात नाव दुरुस्त करायचं असेल तर विभागीय कार्यालयाच्या कार्मिक शाखेत सेटलमेंट (निवृत्तीची देणी पाहणारा) विभाग असतो.

वडिलांच्या जन्मतारखेत फरक दिसला तर घाबरू नका. फक्त वर्ष माहीत असेल तर १ जुलै, महिना माहीत असेल तर त्या महिन्याची १६ तारीख धरायची, असा सरकारी नियम आहे. एका दप्तरात १ जुलै आणि दुसऱ्यात शाळेच्या दाखल्यावरची तारीख असेल तर हे कारण अर्जात लिहा.

मंजुरीनंतर हयातीचा दाखला प्रत्येक पीपीओसाठी वेगळा, दर नोव्हेंबरात. एक दिला की दुसरा आपोआप होतो असं समजून राहिलं की वेतन थांबतं.

प्रश्न : सासरे फौजेतून येऊन रेल्वेत की-मन झाले. निवृत्त झाले तरी पहाटे उठून मान खाली घालून चालायचे. की-मनचं काम काय असतं? – एक वाचक, दौंड

उत्तर : आपल्या गँगच्या, म्हणजे रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीच्या, हद्दीतला रूळ रोज पायी तपासणं. हद्द साधारण पाच-सहा किलोमीटरची. एकेरी मार्गावर जाताना एका रुळाजवळून, येताना दुसऱ्या रुळाजवळून. रूळ पकडून ठेवणारी चावी निसटली तर हातोड्याने ठोकायची, फिशप्लेटचा (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा) ढिला बोल्ट पान्याने आवळायचा. थंडीत रूळ आखडतो, जोडावर ताण येतो आणि तडा उघडतो, म्हणून हिवाळ्याची पहाट सगळ्यात जोखमीची. मान खाली राहते ती याच नजरेमुळे.

हातोडा आणि पाना यांशिवाय दोन लाल झेंडे, एक हिरवा आणि फटाके, म्हणजे डेटोनेटर, जवळ असतात. रूळ तुटलेला दिसला तर ज्या बाजूने गाडी आधी येणार त्या बाजूला लाल झेंडा दाखवत धावायचं : ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक फटाका, १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. एकेरी मार्ग असेल तर मग उलट फिरून दुसऱ्या बाजूलाही तेवढंच.