आधी टोनरचा नंबर विचारा, मग प्रिंटर बघू

प्रश्न : तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म, सातबारा, झेरॉक्स असं छोटं दुकान टाकतोय. डीलर म्हणतो हाच घ्या, सगळ्यात स्वस्त लेझर, वर वायफाय पण आहे. घेऊ का? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : दादा, जरा थांबा. डीलरला आधी विचारा की यात टोनर (छपाईच्या काळ्या पावडरीचा डबा, म्हणजेच कार्ट्रिज) कुठल्या नंबरचा बसतो, ओरिजिनल केवढ्याला मिळतो आणि त्यात पानं किती निघतात. टोनरच्या किमतीला पानांनी भागा, जो आकडा येईल ती त्या प्रिंटरची खरी किंमत. एचपी १०२० किंवा एम१००५ ला १२ए लागतो, कंपनी २००० पानं सांगते, पण ती पानं म्हणजे साधारण ५ टक्के शाई पडणारी, साध्या पत्रासारखी. तुमच्याकडे येणार आधार कार्डाच्या काळ्याकुट्ट झेरॉक्सा आणि चौकटींनी भरलेले फॉर्म, तिथे २००० विसरा. शिवाय नव्या खोक्यातला टोनर बऱ्याचदा स्टार्टर असतो, म्हणजे मुळातच कमी भरलेला, हे डीलर आपणहून सांगत नाही.

आता ही जुनी मशीनं अजून दुकानादुकानात का दिसतात? तर १२ए ला चिप (ओरिजिनल टोनर ओळखणारी) नाही, आणि तो उघडून भरणारा माणूस प्रत्येक तालुक्यात सापडतो. कॅननच्या एलबीपी२९०० चा ३०३ टोनर पण जवळपास तोच, कारण एचपीच्या या मशीनचं आतलं इंजिन कॅननचंच. मात्र १०२० ला वायफाय नाही, कॉम्प्युटरवर ड्रायव्हर (त्याचं सॉफ्टवेअर) टाकल्याशिवाय हलत नाही, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून थेट प्रिंट विसरा.

नवीनच घ्यायचं तर ब्रदरचा एचएल-एल२३२१डी बघा. टोनर वेगळा (टीएन-२३६५, २६०० पानं) आणि ड्रम (पावडर कागदावर उमटवणारा फिरता रूळ) वेगळा, तो १२००० पानांपर्यंत चालतो, आणि पाठपोट प्रिंट आपोआप निघते. ड्रम बदलल्यावर काउंटर (पानं मोजणारा आकडा) रिसेट करायला विसरू नका, नाहीतर नवा ड्रम घालूनही 'ड्रम बदला' म्हणत बसेल. एचपीच्या ज्या मॉडेल नंबरच्या शेवटी इंग्रजी 'ई' दिसेल तो दुकानासाठी नकोच, त्याला कायम इंटरनेट आणि फक्त ओरिजिनल टोनर लागतो. इतर चिपवाल्या मशीनमध्येही अपडेट आला की कालपर्यंत चालणारा लोकल टोनर आज नाकारला जाऊ शकतो.

प्रश्न : १२ए रिफिल करून आणला तेव्हापासून पानावर ठिपके येतात, रिफिलवाला म्हणतो प्रिंटर खराब झालाय. (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : ताई, मुलांची पट्टी घ्या आणि एका ठिपक्यापासून खालच्या तशाच ठिपक्यापर्यंत मोजा. ७५ मिमीच्या आसपास भरलं तर दोष ड्रमचा, कारण ड्रमचा एक वेढा तेवढाच असतो, म्हणजे त्यावर ओरखडा आहे किंवा काहीतरी चिकटलंय. ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, प्रिंटरचा काही संबंध नाही, सरळ परत न्या. वरपासून खालपर्यंत सलग उभी रेघ असेल तर बहुतेक वायपर ब्लेड (ड्रम पुसणारी पट्टी) गेलंय. आणि त्याला स्पष्ट विचारा, वेस्ट काढला होता का? ड्रमवरची उरलेली पावडर आत वेगळ्या कप्प्यात साठते, घाईत रिफिल करणारे नुसती नवी पावडर ओततात, तो कप्पा भरला की पावडर कागदावर सांडायला लागते. कार्ट्रिज टेबलावर उघडं ठेवू नका, उजेडाने ड्रम खराब होतो, काळ्या पिशवीत गुंडाळून न्या.

प्रश्न : प्रिंट दिली की यूपीएस किंचाळतो आणि कॉम्प्युटर बंद! (एक वाचक, पुणे)

उत्तर : लेझर यूपीएसवर लावायचाच नसतो. आतला फ्यूजर (पावडर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) २०० अंशांच्या आसपास तापतो, त्याचा हीटर एकदम लोड ओढतो, घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस तिथे मान टाकणारच. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, अर्थिंग नीट आहे ना तेवढं वायरमनकडून बघून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात कागद सारखा अडकतो, बाहेर येतो तो पण गुंडाळी होऊन. शिवाय काल थोडा टोनर फरशीवर सांडला. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : काका, कागद दमट झालाय. कोकणात जून ते सप्टेंबर रीम उघडी ठेवायचीच नाही, लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये, बाकीची प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून. ७०-७५ जीएसएमचा (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) कागद बास आहे. अडकलेलं पान काढताना आधी स्विच बंद करा, थोडं थंड होऊ द्या, मग दोन्ही हातांनी सरळ ओढा, फाटलेला तुकडा आत राहिला तर पुढचं प्रत्येक पान तिथेच अडकेल.

टोनरला गरम पाणी अजिबात नको, ती प्लास्टिकची बारीक पावडर, गरमीने चिकटून बसते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर पण नको, फिल्टरमधून ती पावडर खोलीभर उडेल. ओल्या फडक्याने, गार पाण्याने पुसा, कपड्यावर पडली असेल तर आधी बाहेर जाऊन झटका आणि मग गार पाण्यात धुवा.