पहिले व्याख्यान देणाऱ्यास

वाचनालयातील विनामूल्य व्याख्यानासाठी तुम्ही ‘नाशिकचा इतिहास’ हा विषय कळवला आहे. तो लहान करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तासाभरात गोदाकाठची दोन हजार वर्षे मावत नाहीत, पण पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला एकच शिलालेख नीट उलगडून सांगता येतो. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी कोरलेल्या त्या लेखात गौतमी बलश्री आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण गाते आणि त्याच्या वाहनांनी, म्हणजे स्वारीच्या जनावरांनी, तीन समुद्रांचे पाणी प्यायले असे सांगते, तेव्हा राजांच्या यादीतून एक आई श्रोत्यांसमोर उभी राहते. लेख प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत आहे, म्हणून फळ्यावर ब्राह्मीतला ‘क’ अवश्य काढून दाखवा. तो अगदी बेरजेच्या चिन्हासारखा असतो. मी तो काढला तेव्हा पुढच्या रांगेतील एका मुलीने लगेच तळहातावर गिरवला होता, आणि तो क्षण मला आजही मोलाचा वाटतो.

ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत हे स्पष्ट सांगा, मात्र पांडवांचे नाव घेणाऱ्या श्रोत्याला खोडून काढू नका. लोकांनी नाव का दिले असावे, हाही चर्चेचाच विषय आहे. चाळीस मिनिटांत थांबा, कारण उरलेल्या वीस मिनिटांत ज्येष्ठ मंडळी जे सांगतात ते पुष्कळदा कोठेच छापलेले नसते. ते टिपून घेण्यासाठी एका सहकाऱ्याला वही देऊन बसवा.