गोदामातला माल जीडीपीत कुठे जातो?

प्रश्न : नागपुरात कळमन्याजवळ आमची दालमिल आहे. मार्चमध्ये भरडलेली डाळ मे महिन्यात विकली, तर ती कोणत्या वर्षाच्या जीडीपीत धरतात?

उत्तर : ज्या वर्षी तयार झाली त्या वर्षाच्या. जीडीपी म्हणजे देशाचं एकूण उत्पादन; तो उत्पादन मोजतो, विक्री नाही. ३१ मार्चला गोदामात उरलेली पोती ‘साठ्यातील बदल’ या सदरात गुंतवणूक म्हणून जमा होतात. मे महिन्यात डाळ गिऱ्हाइकाच्या घरी गेली की घरगुती खर्च वाढतो, पण साठा घटतो. नव्या वर्षात भर पडते ती फक्त वाहतूकदार आणि दुकानदाराच्या कमाईची.

प्रश्न : क्विंटलला ७,००० रुपयांनी तूर भरून ठेवली, ८,००० ला विकली. हा नफा देशाच्या उत्पन्नात येतो का?

उत्तर : येत नाही, आणि हे नीट समजून घ्यायलाच हवं. समजा, तूर १०० क्विंटल आहे. तुमच्या वहीत लाखाचा नफा दिसेल, त्यावर करही भराल. पण दाणा एकही वाढलेला नाही. म्हणून राष्ट्रीय लेख्यांत, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबात, माल बाहेर पडताना खरेदीच्या नव्हे, तर त्या दिवसाच्या भावाने वजा करतात. मग भाववाढीचा नफा आपोआप गळतो. ही काळजी घेतली नाही, तर महागाईच्या वर्षी विकासदर उगाच फुगेल.

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत काम करतो. माल साचलाय, ओव्हरटाइम बंद आहे. साठा वाढणं चांगलं की वाईट?

उत्तर : तो का वाढला, त्यावर आहे. पोळ्यानंतर दिवाळीसाठी भरलेला माल वेगळा आणि उठाव नाही म्हणून पडून राहिलेला वेगळा. आकड्यात मात्र दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळे साठ्याच्या जोरावर जीडीपी वाढला असेल, तर पुढची तिमाही पाहिल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवत नाही. आणखी एक : गेल्या वर्षी साठा ५० कोटींनी वाढला आणि यंदा ३० कोटींनीच, तर साठा वाढूनही जीडीपीच्या वाढीतून २० कोटी कमी होतात.

प्रश्न : म्यानमारची तूर नागपूरच्या इतवारी बाजारात येऊन पडली, तर जीडीपी वाढतो का?

उत्तर : नाही. साठ्यात अधिक, आयातीत उणे, हिशेब शून्य.

प्रश्न : काटोलची संत्र्याची बाग साठ्यात धरतात का?

उत्तर : झाड वर्षानुवर्षं फळ देतं, म्हणून ते यंत्रासारखं स्थिर भांडवल. मृग बहाराची (पावसाळ्यात फुलणाऱ्या हंगामाची) तोडलेली फळं मार्चअखेर शीतगृहात राहिली, तर तेवढीच साठ्यात.