गुलाबी रंग आधीच आला तर?

"मॅडम, मला ते फोटो बघवत नाहीत. मी चुकीच्या कोर्सला आले का?" फॉरेन्सिक सायन्स शिकणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून इतक्या वेळा ऐकलाय, की त्यावर एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट, ओळख पटू नये इतपत बदलून.

दुसरं वर्ष, मार्क उत्तम. गुन्ह्याच्या जागेचे फोटो दाखवायचा तास होता. तिसऱ्या-चौथ्या फोटोला ती उठून बाहेर गेली आणि नंतर दोन आठवडे दिवा लावून झोपली. माझ्यासमोर बसली तेव्हा निकाल तयारच होता. "मी कमकुवत आहे. या कामाला दगडाचं काळीज लागतं."

"रक्त बघवत नाही का?"

"रक्ताचं काही नाही हो. प्रॅक्टिकलला डागाची लांबी-रुंदी मोजून थेंब कोणत्या कोनात पडला ते मीच काढते सगळ्यांना."

"मग?"

बराच वेळ ती ओढणीचं टोक गुंडाळत राहिली. "तिथे बाजूला चष्मा पडला होता. एका काडीला दोरा बांधलेला. माझे आजोबा असाच बांधतात."

(काहींना खरोखरच रक्ताने भोवळ येते. त्यांचं गणित वेगळं असतं. तिथे रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून अंग सैल सोडण्याऐवजी हातापायांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. हे शिकवून घेता येतं आणि त्याने फरक पडतो.)

पुढच्या दोन भेटी आजोबांबद्दलच बोलण्यात गेल्या. ते सुखरूप आहेत. तिच्या मनातला निकाल मात्र जागचा हलत नव्हता.

माणूस घटनेने जितका खचतो, त्याहून जास्त घटनेनंतर स्वतःबद्दल म्हटलेल्या एका वाक्याने खचतो, असं मी मानते. ते वाक्य मी खोडून काढलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन तेच पुन्हा म्हटलं असतं. म्हणून चौथ्या भेटीत मी तिला म्हटलं, "अगं, डाग रक्ताचा आहे हे तुम्ही कसं ठरवता? मला शिकव."

ती खुलली. कास्टल-मेयर चाचणी तिने मला टेबलावर बोटाने दाखवली. डागावरून कापसाचा बोळा फिरवायचा, त्यावर अल्कोहोलचा थेंब, मग फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण, थोडं थांबायचं, शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. काही सेकंदांत गुलाबी झालं तर ठीक. फार उशिरा झालं तर धरायचं नाही, कारण हवेनेही रंग येतो.

"गुलाबी झालं की 'रक्त' लिहायचं?"

"छे! 'रक्त असू शकतं', एवढंच. काही भाज्यांच्या रसानेही गुलाबी होतं. पक्कं करणारी चाचणी वेगळी असते. तोवर नोंदीत 'लालसर तपकिरी डाग'."

"आणि पेरॉक्साइड घालायच्या आधीच गुलाबी झालं तर?"

"तर तिथे दुसरंच काहीतरी आहे. तो निकाल धरतच नाही."

"बरं. तो चष्मा पाहिल्यावर 'मी कमकुवत' हे किती वेळात लिहिलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, डोळ्यांत पाणी घेऊन. "मॅडम, पेरॉक्साइड घातलाच नव्हता मी."

इतक्या वर्षांत असे क्षण मोजकेच आले. मी गप्प राहिले, आणि ते मला जमलं याचं मला आजही समाधान आहे. तिने आपणहून कागद ओढला आणि प्रयोगवहीत लिहितात तसं लिहिलं: 'हात गार. पोटात ढवळलं. काडीला दोरा. आजोबा आठवले.' निष्कर्षाची जागा कोरी सोडली.

दगडाच्या काळजाचा समज कुठून येतो कळत नाही, पण या शास्त्राची खरी भिस्त त्यावर नाही. 2006 मध्ये संशोधक इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या ठशांच्या 5 तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे पुन्हा दाखवले. सोबत सांगितलं, की हे एका गाजलेल्या प्रकरणात चुकीने जुळवलेले ठसे आहेत. पाचातल्या चौघांनी आपलाच आधीचा निर्णय बदलला. कहाणी कळली की अनुभवी नजरही हलते. म्हणूनच नमुना तपासणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त माहिती देऊ नये, असं आता आग्रहाने सांगितलं जातं. मन हलू नये म्हणून व्यवस्था उभारायची असते. तिच्यासारख्या मुलीने स्वतःला बधिर करायचं नसतं. शिवाय विषशास्त्र, डीएनए, हस्ताक्षर, डिजिटल पुरावे यांतल्या कामाचा बराच भाग प्रयोगशाळेतच चालतो.

असं कुणाला होत असेल तर माझं सांगणं एवढंच. 'मला बघवलंच पाहिजे' यातला 'च' आधी काढा. फोटो उघडण्यापूर्वी त्यात काय शोधायचंय ते लिहून ठेवा, आधी छोट्या आकारात, कृष्णधवल बघा. रात्री एकट्याने बघू नका. शिक्षकांना आधी सांगून ठेवा, ते समजून घेतात. आणि महिना उलटूनही झोप लागत नसेल, किंवा तेच दृश्य दिवसाढवळ्या डोळ्यांसमोर येत असेल, तर अंगावर काढू नका, तज्ज्ञाला भेटा.

तिने प्रोजेक्टला विषशास्त्र घेतलंय. फोटोंच्या तासाला ती अजूनही दारालगतच्या बाकावर बसते. तास संपेपर्यंत बसते.