धंदा टिकेल की नाही कळत नसताना दुकानाचा काळ्या आकृतीचा (सिल्हूट) फोटो कसा काढावा? आणि तो लोकांना दाखवावा का?

प्रश्न विचारणाऱ्यांचं शिलाईचं छोटं दुकान आहे. रेडिमेडनं काम खाल्लंय, पुढच्या दिवाळीला दुकान उघडं असेल की नाही सांगता येत नाही, आणि ही सगळी अवस्था एका सिल्हूट फोटोत पकडून स्टेटसला ठेवायचं त्यांच्या मनात आहे. फोटो कसा काढायचा आणि ठेवावा का, असं दोन्ही विचारलंय.

ठेवा. या एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं २०२० पासून पटत नाही, म्हणून तर उत्तर लिहायला बसले.

लातूरला आमचा फोटो स्टुडिओ आहे. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तो काळ्यापांढऱ्या रोलच्या जमान्यात टाकला. तेव्हा गंजगोलाईला, म्हणजे लातूरच्या जुन्या गोल बाजारपेठेला, येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकावर गाळा होता. पुढं क्लासेसचा ट्युशन एरिया वाढला तसे आम्ही तिकडं सरकलो. स्टुडिओ लग्नांवर जगतो असं बाहेरच्यांना वाटतं. आमचा जगतो पोरांच्या फॉर्मवर. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या फॉर्मला पासपोर्ट फोटो लागतो, शिवाय चार बाय सहाचा पोस्टकार्ड साईझ लागतो, बॅकग्राउंड पांढरं आणि दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. होस्टेलवरच्या पोरी माझ्याकडं मोकळेपणानं येतात, ओढणी नीट करून घेतात, दोनदा काढायला लावतात. मी काढते.

मार्च २०२० संपता संपता होस्टेलं रिकामी झाली. नीट ३ मेला होती, ती आधी जुलैवर आणि मग १३ सप्टेंबरवर गेली. लग्नं ५० माणसांवर आली. जूनमध्ये दुकान थोडा वेळ उघडायला परवानगी मिळाली तेव्हा अप्पा रोज येऊन शटर अर्धंच वर करायचे आणि तिथंच उभे राहायचे. पूर्ण उघडावं एवढं गिऱ्हाईक नव्हतं, आणि घरी बसणं त्यांना जमत नव्हतं.

अशाच एका दुपारी मी मागच्या खोलीतून बाहेर आले तर समोर रस्त्यावर ऊन पांढरंफटक पडलेलं, आत अंधार, आणि मध्ये अप्पा. डोक्यावर टोपी, एक हात शटरच्या कडेला धरलेला, बाजूला स्टँडवर छत्रीचा लाईट आणि गिऱ्हाइकानं बसायचं स्टूल. स्टूल रिकामं. मी कॅमेरा उचलला आणि रस्त्यावरच्या उन्हाचं एक्स्पोजर धरून फोटो काढला. आवाज ऐकून अप्पा न वळता म्हणाले, "काय काढायलीस गं माय? अंडर जातंय ते. तोंड कुठाय माझं?"

अंडर म्हणजे उजेड कमी पडून काळा आलेला. अप्पांच्या लेखी असा फोटो म्हणजे वाया गेलेली फ्रेम, आणि त्यांच्या बोलण्याला आधार आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास ८ हजार माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस लोकं स्टुडिओत यायची ती हातात कुठल्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन. मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआडून दिसणारा नखाएवढा चेहरा. त्यावर बोट ठेवून म्हणायची, एवढं मोठं करून द्या. त्या माणसाचा दुसरा फोटोच नसायचा. अप्पा फोटोचा फोटो काढून एन्लार्ज करायचे आणि टोक काढलेल्या पेन्सिलीनं भुवया, डोळे, कपाळावरचं कुंकू भरत रात्री बसायचे. त्या कामाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. तेव्हापासून त्यांचा नियम आहे की स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या फोटोत तोंड दिसलंच पाहिजे, कुणाला कधी लागेल सांगता येत नाही. या नियमाला माझ्याकडं उत्तर नाही आणि मला ते शोधायचंही नाही. घरच्या माणसाचा फोटो काढायचा असेल तर अप्पांचंच ऐका.

तो फोटो मात्र मी दुकानाचा काढला होता. अप्पांचा चेहरा उजेडात दाखवला असता तर बघणाऱ्यानं आधी वय बघितलं असतं, वाढलेली पांढरी दाढी बघितली असती, आणि हळहळून पुढं गेला असता. एवढ्या वर्षांच्या धंद्याची गोष्ट एका म्हाताऱ्या माणसाच्या बिचारेपणावर येऊन थांबली असती. मला माझ्या बापाची कीव करून घ्यायची नव्हती. आकृती काळी केली की माणसाचा मान राहतो, आणि बघणाऱ्याला त्या जागी स्वतःला उभं करून बघता येतं. मोंढ्यातला हमाल असो की कटलरीवाला, त्या जूनमध्ये प्रत्येकजण आपापल्या दारात तसाच उभा होता. सिल्हूटला "उदासपणाची फॅशन" म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

संध्याकाळी फोटो स्टेटसला ठेवला. खाली एक शब्द लिहिला नाही. दिवेलागणीपासून फोन सुरू झाले. अल्बम छापून देणाऱ्या लॅबवाल्यानं विचारलं, "ताई, दुकान बंद करायलात का?" मग गाळामालकाचा आला. मग ज्यांनी लग्नाचा इसार दिला होता त्यांचे. शेजारच्या झेरॉक्सवाल्या काकांनी तर अर्धं शटर बघून थेट "कोण गेलं?" असंच विचारलं, कारण बाजारपेठेत अर्ध्या शटरचे अर्थ ठरलेले आहेत, बंद पुकारलाय नाहीतर कुणी तरी वारलंय. शेवटी पुण्याहून दादाचा फोन. "बाजारात रडायचं नसतं. धंदेवाल्यानं तोंडावर हसू ठेवायचं, आत काय का जळत असंना. अप्पांनी जन्मभर कमावलेली पत तू एका फोटोत घालवलीस." आणि मग ते वाक्य, जे माझ्या अजून डोक्यातून गेलेलं नाही: "तुला धंद्यातलं काय कळतं?"

दादा, तू हे वाचणार आहेस, म्हणून हिशेब इथंच मांडते. लॅबवाल्याची उधारी आदल्या उन्हाळ्यापासूनची होती. भाडं मार्चपासून थकलं होतं. इसार तर लग्नंच पुढं गेल्यावर परत करावाच लागणार होता. ५० माणसांत लग्न उरकणारा कुणी ड्रोन लावत नाही. फोटोनं एका रुपयाचं देणं वाढवलं नाही. जे फोन आषाढात आले असते ते ज्येष्ठात आले, एवढंच. पत फोटोनं जात नसते, सांगितलेल्या दिवशी पैसे पोचले नाहीत की जाते, आणि ते दिवस तर आधीच हुकलेले होते. हसरा फोटो ठेवून आपण त्यांना आणखी महिनाभर खोटं सांगितलं असतं.

आणि त्या रात्री घरात जे झालं ते तू बघितलंच नाहीस. अप्पांनी माझा फोन मागून घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, खूप वेळ बघितला. "बॅकग्राउंड जळालंय," म्हणाले, म्हणजे मागचं पार पांढरं पडलंय. मग उठले आणि कपाटातून हिशेबाची लाल वही काढून माझ्यापुढं ठेवली. इतकी वर्षं मी स्टुडिओत उभी राहते, पण वही मला कधी दाखवली नव्हती. वही तुझ्यासाठी ठेवलेली होती ना. आम्ही पहाटेपर्यंत पानं उलटत बसलो. शाळांच्या ओळखपत्रांची बिलं, बारशांचे अल्बम, कुणाकुणाच्या फ्रेमा. येणी देण्यापेक्षा जास्त निघाली. संकोचापायी मागितलीच नव्हती. मागच्या खोलीत मिनीलॅब, म्हणजे रोल धुऊन फोटो छापायचं मशीन, कापड टाकून ठेवलेली होती; कोनिका मिनोल्टानं २००६ मध्ये फोटोचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं, जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी अप्पांना ती विकवत नव्हती. त्या रात्री ते स्वतः म्हणाले, काढून टाकू. मोठा गाळा सोडून लहान घेऊ, हेही त्यांनीच सुचवलं. तोवर दुकान बंद करायचा विषय आमच्या घरात कुणी तोंडातून काढला नव्हता. फोटो समोर आला आणि तो बोलता आला. याला मी धंदा कळणं म्हणते.

आज लहान गाळ्यात फॉर्मचे फोटो, ओळखपत्रं आणि फ्रेमिंग चालतं. पुढं किती वर्षं चालेल सांगू शकत नाही. उद्या मोबाईलवर काढलेला फोटो सगळ्या फॉर्मला चालू लागला तर पुन्हा वही उघडून बसावं लागेल.

आता तुमचा फोटो. सूर्यास्त, डोंगर, तळं यांच्या मागं लागू नका. तसल्या फोटोत तुमचं दुकान कुठंच नसतं. तुमच्या दुकानाचं दार पुरेसं आहे. आतले सगळे दिवे बंद करा, तुम्ही दाराच्या चौकटीत, कॅमेरा आत, समोर उन्हातला रस्ता. मोबाईल असेल तर स्क्रीनवर रस्त्याच्या उजळ भागावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होईल, मग सूर्याची खूण खाली ओढा. फ्लॅश बंद. एचडीआर बंद करता येत असेल तर नक्की करा, कारण हल्लीचे फोन आपल्याला न विचारता अंधार भरून काढतात आणि आकृती राखाडी, मळकट दिसते. मॅन्युअल कॅमेरा असेल तर जुना हिशेब पुरतो, जो रोलच्या खोक्यात सूर्य-ढगांची चित्रं काढून छापलेला असायचा: लख्ख उन्हाला आयएसओ १००, एफ १६, शटर १/१००. तेच एफ ८ ला १/४००. रस्ता नीट येईल आणि आतलं सगळं आपोआप काळं पडेल.

खरी मेहनत आकृतीची आहे. काळ्यात अंगावरचं काहीच दिसत नाही. गळ्यात टेप घालून उभे राहाल आणि वाटेल की टेलर ओळखू येईल, तर येणार नाही. टेप शर्टातच विरून जाईल. शरीरापासून जे सुटं आहे तेवढंच वाचता येतं. म्हणून कात्री हातात घ्यायची असेल तर अंगापासून लांब आणि उघडी धरा, मिटलेली कात्री नुसती काठी दिसते. पायमशीन कॅमेऱ्याला थोडी तिरकी ठेवा, चाकाच्या आरपार उजेड आला पाहिजे. मशीनचा वाकलेला दांडा बाजूनं दिसला की दुकान कसलं हे सांगावं लागत नाही. तोंड कॅमेऱ्याकडं किंवा रस्त्याकडं सरळ नको, बाजूला वळवा, नाक-हनुवटी दिसू द्या. दोन पायांत, हात आणि कमरेत फट ठेवा. हँगर लावायचे असतील तर रिकामे लावा.

काही गोष्टी सांभाळा. फोटो स्टेटसला जायच्या आधी घरात दाखवा, बायकोला, आईला, ज्यांच्या हातात वही असते त्यांना. ज्यांचं देणं आहे त्यांना आदल्या दिवशी स्वतः फोन करून तारीख सांगून ठेवा. स्टेटस सगळ्यांना दाखवलंच पाहिजे असं नाही, कुणाला दिसावं ते निवडता येतं. शटर अर्धं ठेवणं टाळा, तुमच्याकडं झेरॉक्सवाले काका असतीलच. आणि मान खाली घालून, छताच्या पंख्याखाली किंवा आढ्याखाली उभे राहून काढू नका. आपल्या मराठवाड्यात लोकांनी फार काही बघितलंय, ती काळी आकृती बघून माणसं घाबरून धावत येतील. मन खरंच तसं झालं असेल तर फोटो राहू द्या, आजच्या आज जवळच्या कुणाशी तरी बोला.

दादाच्या बाजूनं एक मान्य: तुमचं गिऱ्हाईक अजून येत असेल, फक्त कमी झालं असेल, तर असा फोटो ठेवलात त्याच आठवड्यात शिवलेल्या कपड्यांचाही एखादा ठेवा. गणवेश शिवून घेणाऱ्या शाळेला वाटायला नको की जूनमध्ये तुम्ही नसाल.

फोटो काढलात की इथं टाका. हात अंगापासून सुटा आलाय का आणि चाकातून उजेड येतोय का, ते बघून सांगते.